अकरा डिग्रीचं उकळतं पाणी

साहेब, तुम्ही खोटं बोललात. चुकून नाही, घाईत नाही, कुणी कान भरले म्हणूनही नाही. खुर्चीत नीट टेकून, चष्मा पुसून, घोटभर पाणी पिऊन खोटं बोललात. माझ्या बायकोचा हात मनगटापर्यंत सोलवटला होता आणि तुम्ही म्हणालात, "अकरा अंशाच्या पाण्याने कोणी भाजत नाही."

खरंच आहे. अकरा डिग्रीच्या पाण्याने मांजरसुद्धा भाजत नाही. पण पाणी अकरा डिग्रीचं नव्हतं, आणि त्या खोलीतल्या निदान दोघांना ते पक्कं माहीत होतं. एक माझी बायको, कारण हात तिचा होता. दुसरे तुम्ही. तुम्हाला कसं माहीत होतं ते पुढे येईलच. पळून जाऊ नका.

बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगतो.

आमची इमारत मोजमाप खात्याची. तराजू, लिटरची मापं, फूटपट्ट्या, थर्मामीटर, पेट्रोल पंपांचे मीटर, जे जे म्हणून मोजतं ते आधी इथे येतं. इथला माणूस त्याच्याकडे संशयाने बघतो, मग शिक्का मारतो. तळमजल्यावर कॅन्टीन. कॅन्टीनच्या मागे भांड्यांची खोली, ती माझ्या बायकोची. म्हणजे खात्याचीच, पण शब्द तिचा चालायचा. चमचे कुठे, ताटं कुठे, ओलं फडकं कुठल्या खिळ्याला, सगळं तिने ठरवलेलं. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तिला काकू म्हणायचे. शेजारी चहाची खोली, ती माझी. मधल्या भिंतीला एक लहान खिडकी, उष्टे कप पलीकडे सरकवायची. आमचा अर्धा संसार त्या खिडकीतून झाला. भांडणंही तिथूनच, कारण मध्ये भिंत असली की माणूस मोकळं बोलतो.

तिच्या खोलीत डिशवॉशर. कपाटाएवढा, स्टीलचा, झाकण दांडा धरून खाली ओढायचं. समोर काचेची पट्टी आणि तिच्यावर लाल आकडा. तो आकडा म्हणजे आतल्या पाण्याचं तापमान. आकडा ब्याऐंशीवर गेला की हिरवा दिवा लागतो. हिरवा दिवा लागला की ताटं स्वच्छ. नाही लागला तर ताटात तोंड दिसलं तरी खात्याच्या लेखी ते उष्टं. कितीही गरम द्या, "गारच आहे" म्हणून तोंड वाकडं करणारी, म्हणून बायकोने मशीनचं नाव ठेवलं सासूबाई. माझी आई तेव्हा होती. तिने विचारलं, "सासूबाई कुणाला म्हणतेस गं?" बायको म्हणाली, "मशीनला." आई म्हणाली, "मग टिकेल."

टिकली. आई गेली, मशीन राहिली.

मग तुम्ही चहा बंद केलात. चहा पिताना माणूस काम करत नाही, असं मोजून निघालं म्हणे. एवढं कळायला आख्खं खातं लागलं! चहाचा मोठा बॉयलर उचलून नेला, त्याच जागी गार पाण्याचा कूलर आणून बसवला, आणि मला कूलरशेजारी कागदी पेले द्यायला उभं केलं. चहावाला होतो, पाणीवाला झालो. घरी बायको म्हणाली, "ही बढती म्हणायची की काय म्हणायचं?"

त्याच आठवड्यात सासूबाई रुसल्या.

दुपारची जेवणं उरकली होती, ताटांचे मनोरे खोलीत आले होते आणि काचेवर आकडा होता अकरा. लाल दिवा, वर पीं-पीं-पीं. बायकोने बंद करून चालू केलं. अकरा. पाणी बदललं. अकरा. थोपटलं, शिव्या घातल्या, लाडीगोडी लावली. अकराच. मशीन आत पाणी तापवतच राहिली आणि आकडा जागचा हलेना. तिने झाकण उचललं तर वाफेचा असा लोट उठला की समोरची भिंत दिसेना. टाकीच्या तळाशी खरकटं अडवायची जाळी असते. ती तुंबली असेल म्हणून काढायला तिने हात आत घातला.

किंकाळी मी कूलरपाशी ऐकली. खिडकीतून बघितलं तर ती हात वर धरून उभी होती, कुणाला तरी थांब म्हणत असल्यासारखी.

नंतर मी विचारलं, "अगं, वाफ दिसत नव्हती का?"

"दिसत होती."

"बुडबुडे?"

"ते पण दिसत होते."

"मग हात घातलास कसा?"

ती म्हणाली, "आकडा अकरा होता ना."

दुसऱ्या कुठल्या इमारतीतली बाई वाचली असती. वाफ बघून लांब झाली असती. पण आमच्याकडे डोळ्यांवर विश्वास ठेवणं हा बेशिस्तपणा. लिफ्टच्या पाटीवर आठ माणसं लिहिलंय आणि आत अकरा कोंबलीत, तर आम्ही आठच आहोत असं समजून श्वास घेतो. तिचा हात पाण्याने भाजला नाही, साहेब. सवयीने भाजला. आणि सवय लावली तुमच्या खात्याने.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं, "भाजलं आहे." कागद वर गेला. पहिल्या मजल्यावर त्याचं झालं, "हात लाल आहे." दुसऱ्या मजल्यावर, "पाणी अकरा अंश, सबब लाली थंडीमुळे." आणि चौथ्या मजल्यावरून, तुमच्या सहीने, एक लोकरीचा हातमोजा मंजूर होऊन आला. राखाडी. उजव्या हाताचा. माप मात्र तंतोतंत. खातंच मोजमापाचं, मग काय!

हातमोज्याबरोबर नोटीस आली. पाणी न तापवता ताटं धुणे आणि खात्याच्या यंत्राविषयी संशय पसरवणे, असे दोन गुन्हे. गुरुवारी सुनावणी. दोषी ठरली तर नोकरी खलास.

बायको दुखण्याने रडली नव्हती, नोटिशीने रडली. "उजवा गेला तर डावा आहे," म्हणाली. "पण मी गार पाण्यात ताटं बुचकळते? मी? अहो, मी घरात पाहुण्यांना हात धुवायलासुद्धा गरम पाणी देते!"

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. तिथे थर्मामीटरवाले बसतात. भिंतभर कपाटं, कपाटभर थर्मामीटर, मखमलीत झोपवलेले. मी हात जोडले. "एक द्या. पाण्यात बुडवतो आणि लगेच परत आणतो."

"हे थर्मामीटर तपासायचे थर्मामीटर आहेत," थर्मामीटरवाले म्हणाले. "पाणी तपासायचे नाहीत."

"मग पाणी कशाने तपासायचं?"

"थर्मामीटरने."

"मग द्या की."

"अहो, हे पाण्यात घातले तर यांना कोण तपासणार?"

माणूस वाईट नव्हता. माझ्याबरोबर दारापर्यंत आला. म्हणाला, "काकूंना सांगा, ताटं छान असायची." असायची! बाई जिवंत आहे आणि हा तेराव्याला आल्यासारखा बोलतोय.

मग मी मुलीच्या घरून ताप बघायचा थर्मामीटर आणला. मशीनमधलं पाणी मगात काढलं, त्यात धरला. पारा बेचाळीसपर्यंत धावत गेला, पुढे रस्ता संपला, काच तडकली. तो तडकलेला थर्मामीटर घेऊन मी हेडक्लार्कपुढे उभा राहिलो. हेडक्लार्क म्हणजे तुमचा उजवा हात. न भाजलेला.

"म्हणजे पाण्याला ताप आहे, असं तुमचं म्हणणं?" त्याने विचारलं.

"बेचाळीसच्या वर आहे, असं म्हणणं."

"मग पाण्याला दवाखान्यात न्या," तो म्हणाला आणि त्याच्या टेबलाभोवतीचे सगळे हसले. खरं सांगतो, तो विनोद बरा होता. म्हणून जास्त राग आला.

आता उरला माझा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमच्याच इमारतीत फिटर. पंप, पंखे, लिफ्ट, मशीन, सगळं त्याच्याकडे. दोन दिवस तो दुपारी येत होता. हीटर काढून दाखवला, झाकणाचं बटण दाखवलं, मागचं सर्किटचं कार्ड ब्रशने झाडलं, नळ्यांमधला क्षार व्हिनेगर घालून काढला. आणि तोंडाची टकळी चालू.

"सेन्सर म्हणजे काय, तर एवढासा दाणा," तो मला शिकवायचा. "धातूच्या नळीत बसवलेला. गरम लागलं की विजेला वाट देतो, गार लागलं की अडवतो. त्यावरून मशीनला कळतं पाणी किती तापलंय. दाण्याने गार सांगितलं की मशीन तापवत राहते. गरम सांगितलं की हीटर बंद."

"मग दाणाच बिघडलाय."

"नाही. दाणा ठणठणीत आहे. मी बघितला."

"कधी बघितलास?"

"बघितला म्हणतो ना."

"मला दाखव."

"तो आत असतो. खोल." आणि लगेच घाम पुसत, "मेहुणीबाई, पाणी देता का जरा?"

भाजलेल्या हाताची बाई त्याला डाव्या हाताने पाणी द्यायची आणि हा गटागटा प्यायचा. मला तेव्हाच वास यायला हवा होता. फिटर माणूस सगळं उघडून दाखवतो आणि एक वस्तू दाखवत नाही, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

रविवारी इमारत रिकामी होती. आम्ही तिघं आत गेलो. साडू म्हणाला, गाडीतून हत्यारं आणतो, आणि गेला तो गेलाच. बायको म्हणाली, "त्यांची वाट बघत बसलो तर गुरुवार इथेच उजाडेल." टाकी रिकामी होती. तिने टॉर्च धरला, मी आत डोकं घातलं. सेन्सरसाठी टाकीला एक भोक असतं, ते सापडलं. त्यात सेन्सर नव्हता. लाकडाची खुंटी ठोकलेली होती. वर साबणाचा थर बसून बसून खुंटी अशी गुळगुळीत झालेली, जशी काही कंपनीतूनच आली असावी.

"अहो, मग आकडा कुठून येतो?" बायकोने विचारलं.

मी मागे गेलो. कार्डाला लागलेली सेन्सरची वायर धरली आणि माग काढत निघालो. वायर मशीनच्या मागून भिंतीत गेली. खिडकीच्या चौकटीखालून पलीकडे निघाली. मी वळसा घालून माझ्या खोलीत आलो. वायर कूलरच्या मागून वर चढली होती आणि झाकणाच्या भोकातून आत उतरली होती. झाकण काढलं. आत गार पाणी, आणि त्यात बोटाएवढी धातूची नळी लोंबत होती.

मी ती नळी ओळखत होतो. बॉयलर होता तेव्हा ती चहात बुडालेली असायची. इतकी वर्षं मला वाटायचं, खातं चहा मोजतंय. या इमारतीत सगळंच मोजतात, चहाने काय पाप केलंय? रोज घासून पुसून चकचकीत ठेवायचो तिला. कूलर बसवणाऱ्याने विचारलं होतं, या नळीचं काय करू? तर हेडक्लार्क म्हणाला होता, "खात्याची वस्तू आहे. बुडालेली होती ना? मग बुडालेलीच राहू दे."

मी नळी बाहेर काढून मुठीत धरली. खिडकीतून ओरडलो, "आकडा सांग!"

"अकरा," बायको पलीकडून म्हणाली. मग, "अगं बाई. चौदा. एकोणीस. सव्वीस! अहो, काय करताय?"

"मुठीत धरलंय."

"काय धरलंय?"

"तुझ्या सासूबाईंना!"

मी नळी काखेत घातली. पलीकडून आवाज आला, "छत्तीस! थांबलं छत्तीसवर."

म्हणजे मला ताप नव्हता. बाकी सगळ्याचा उलगडा झाला होता. मशीन खोटं बोलत नव्हती. कूलरचं पाणी अकरा डिग्रीच होतं. बिचारी आपली विचारत होती, पाणी अजून गार कसं, आणि तापवत होती, तापवत होती, पलीकडे टाकी उकळून फुटायला आली तरी तापवत होती.

मी वळलो तर दारात साडू उभा. हातात हत्यारं नव्हतीच. उलट्या बादलीवर बसला आणि बोलता झाला.

मशीन नवीन आली तेव्हाची गोष्ट. उद्घाटन. पाहुणे दारात, रिबीन ताणलेली, कात्री तबकात. मशीनचं पाणी तापायला अजून वेळ होता आणि आकडा चाळिशीत रेंगाळत होता. एक तरुण अधिकारी, तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या, साडूच्या अंगावर धावून आला. "आकडा आण." साडू म्हणाला, "साहेब, पाणी तापायचंय." अधिकारी म्हणाला, "मी पाणी तापव म्हटलं का? आकडा आण म्हटलं. जिथे गरम असेल तिथे बुडव तो सेन्सर." शेजारी पाहुण्यांच्या चहाचा बॉयलर खदखदत होता. बुडवला. आकडा आला, दिवा लागला, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी साडू सेन्सर परत टाकीत बसवायला गेला, तर तो अधिकारी म्हणाला, "चाललंय ना? मग हात लावू नकोस."

मिशा आता पांढऱ्या आहेत, साहेब. पण तुमच्याच आहेत.

"म्हणजे भाऊजी," बायको सावकाश म्हणाली, "चहा तापला की मशीनला वाटायचं पाणी तापलं?"

"हो."

"आणि ती हीटर बंद करायची?"

"हो."

"म्हणजे माझं पाणी..."

"कोमट," साडू जमिनीकडे बघत म्हणाला.

ती भिंतीला टेकली. "तरीच ताटांना बोट चिकटायचं. आणि मी आपली साबण वाढवतेय, साबण वाढवतेय. भाऊजी, मी एवढ्या लोकांना कोमट पाण्यातली ताटं दिली!"

"अगं, कोण मेलं का?"

"गुरुवारी हे सगळं सांगा तुम्ही."

"मेहुणीसाठी जीव देईन," साडू म्हणाला, "पण पेन्शन नाही देणार."

"ताईला सांगू?"

साडूचा चेहरा उतरला. "तिला सांगितलंस तर जीवही जाईल आणि पेन्शनही."

शेवटी ठरलं ते असं. कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. साडूने दाणा गुपचूप टाकीत परत बसवायचा, गुरुवारी मशीनने खरा आकडा दाखवायचा, प्रकरण मिटवायचं. बायकोला पटलं नव्हतं, पण तिला तिची खोली परत हवी होती. भोकासाठी रबरी वायसर लागणार होता, नाहीतर टाकी गळाली असती. साडू म्हणाला, "उद्या सकाळी आणतो."

उद्या सकाळी हेडक्लार्क आला आणि मशीनला लाखेची सिलं ठोकून गेला. पुढून, मागून, बाजूने. पुरावा आहे म्हणे. उघडं ठेवलं फक्त झाकण आणि बटण.

आता दाण्यापर्यंत पोचायची एकच वाट उरली, कूलर. कूलरमध्ये उकळतं पाणी ओतायचं, हे बायकोने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "करा. इतकी वर्षं केलंत, अजून एक दिवस करा."

गुरुवारी भांड्यांच्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या. मधल्या खुर्चीत तुम्ही, एका बाजूला हेडक्लार्क, दुसऱ्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरचे थर्मामीटरवाले. साडू पाना घेऊन दाराशी. बायको मशीनपाशी, उजव्या हाताला बँडेज. मी पलीकडे कूलरपाशी. कूलर सकाळीच रिकामा केला होता आणि कॅन्टीनच्या शेगडीवर पातेलं चढवलं होतं. नुसतं पाणीच उकळणार होतो, देवाशप्पथ. पण हात सवयीने पावडरीकडे गेला, मग साखरेकडे, मग दुधाकडे.

अकरा अंशाचं ते वाक्य तुम्ही आधी बोललात, मग फर्मावलंत, "ताजं पाणी भरा. यंत्र सुरू करा."

बायकोने नळ सोडला, टाकी भरली, बटण दाबलं. मी पातेलं कूलरमध्ये ओतलं. खिडकीतून काच दिसत होती. तीस. पन्नास. सत्तर. तुमच्या पाठी माझ्याकडे होत्या, पण माना पुढे झालेल्या कळत होत्या. ब्याऐंशी! हिरवा दिवा.

आणि आमचा घात चहाच्या वासाने केला.

आधी एक टायपिस्ट आला. पेला धरला, कूलरची तोटी फिरवली, घोट घेतला, आणि त्याचे डोळे भरून आले. तो पळत गेला आणि सगळा आवक-जावक विभाग घेऊन आला. मग लेखाविभाग. मग जिन्यावरून पावलांचा असा आवाज सुरू झाला की जणू आग लागलीय.

"पिऊ नका!" मी दबक्या आवाजात ओरडलो. "पुरावा आहे तो!"

"मग आम्ही साक्षीदार," लेखाविभागातली एक बाई म्हणाली आणि दुसरा पेला भरला.

कूलरमधला चहा उतरला, नळी उघडी पडली आणि पलीकडे आकडा घसरला. शहात्तर. सत्तर. दिवा लाल. मी धावत दुसरं पातेलं आणून ओतलं. ब्याऐंशी, हिरवा. रांगेने प्यायला, लाल. ओतलं, हिरवा. तुम्ही थर्मामीटरवाल्यांना विचारलंत, "हे असं खालीवर का होतंय?" ते गंभीरपणे म्हणाले, "पाणी अस्वस्थ दिसतंय." हेडक्लार्कने तेही लिहून घेतलं.

शेवटी मी तोटीवर हात ठेवून उभा राहिलो आणि आकडा ब्याऐंशीवर टिकला. मला वाटलं, जिंकलो. बायकोच्या खांद्यांवरून दिसत होतं, तिलाही तसंच वाटलं.

तुम्ही घसा साफ केलात. "यंत्र निर्दोष आहे. यंत्र निर्दोष आहे, त्याअर्थी त्या दिवशीचा अकराचा आकडाही बरोबर होता. त्याअर्थी काकूंनी त्या दिवशी गार पाण्यात ताटं धुतली. आरोप सिद्ध."

आम्ही तिघं मूर्ख! मशीन बरी झाली की बाई सुटेल, असं धरून चाललो होतो. तुमच्या खात्यात मशीन बरी झाली की बाई आजारी ठरते, हे एवढी वर्षं तिथे घालवून कळलं नव्हतं.

आणि माझी बायको फुटली. "कसलं निर्दोष? पाणी गार आहे! आत्ता, या क्षणाला गार आहे! तापायला वेळच मिळाला नाही त्याला, वर आकडा चढला आणि हीटर बंद पडला!" तिने झाकण वर फेकलं. "या साहेब. हात घाला."

वाफ नव्हती. एक रेघसुद्धा नव्हती. तुम्ही उठलात. हात पुढे केलात. हात पाण्याच्या वर वीतभर आला. तुम्ही काचेवरच्या आकड्याकडे बघितलंत, मग खिडकीतून माझ्याकडे, मग कूलरकडे. आणि हात मागे घेऊन खिशात घातलात.

"ब्याऐंशी अंशात हात घालायला मी वेडा आहे का?"

"मग मी घालते." तिने दातांनी बँडेज सोडवलं. तो सोललेला, लाल हात तिने टाकीत घातला, मनगटाच्या वरपर्यंत, आणि धरून ठेवला. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. "बघा. बघा, गार आहे!"

मग हेडक्लार्कची लेखणी कुरकुरली. तो लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, "ब्याऐंशी अंशाच्या पाण्यात हात बुडवूनही बाईंना भाजलं नाही."

आणि तुम्ही, साहेब, तुम्ही तर पेटीतून दागिना काढावा तसं ते वाक्य काढलंत. "ज्या हाताला ब्याऐंशीत भाजत नाही, तो हात अकरात भाजला, असं आम्ही मानायचं?"

मग मला राहवलं नाही. कूलरचं झाकण उडवलं, चहा टपकणारी नळी ओढून खिडकीतून त्या खोलीत घातली, तुमच्या नाकासमोर. "हा बघा तुमचा आकडा! हा चहात होता! तो बघा, उतरतोय!" आणि उतरतच होता. साठ, बावन्न, चव्वेचाळीस. रांगेतले लोक पेले हातात धरून माझ्यामागे गोळा झाले होते.

तुम्ही साडूकडे वळलात. "फिटर, ही नळी कसली?"

साडूने तुमच्याकडे बघितलं. मेहुणीकडे बघितलं, तिचा हात अजून पाण्यात होता. पाना या हातातून त्या हातात घेतला. म्हणाला, "चहाची असेल, साहेब."

तेवढ्यावर सुनावणी संपली. बायकोला कामावरून कमी केलं. मला यंत्राशी छेडछाड केली म्हणून समज दिली. साडूला त्याच्या बायकोने, माझ्या थोरल्या मेहुणीने, अजून जेवायला वाढलेलं नाही. तो कॅन्टीनमध्ये जेवतो, कोमट पाण्यातल्या ताटात.

कोमट म्हणतो, कारण दुसऱ्याच दिवशी तुम्ही चहा पुन्हा सुरू केलात. कर्मचाऱ्यांच्या मनोधैर्यासाठी, असं फलकावर लावलंत. बॉयलर परत आणला, त्याच जागी ठेवला, नळी त्यात बुडवली, आणि मला निरोप धाडलात की उद्यापासून चहाला या. मी आलो नाही. मला चहा करता येत नाही आता. हात पावडरीकडे जातो आणि थांबतो. तुम्ही दुसरा माणूस ठेवलात. दिवा हिरवा लागतो, ताटं स्वच्छ असतात. भांड्यांच्या खोलीत नवी मुलगी आलीय. फडकं कुठल्याही खिळ्याला टांगते.

माझी बायको घरी आहे. बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. नोकरी परत द्या, असं मी म्हणत नाही. ती म्हणते, पण मी म्हणत नाही, कारण तुमच्याकडून काही परत घ्यायचं म्हणजे ते आधी तुमच्याकडे होतं असं कबूल करावं लागतं.

मला फक्त त्या एका क्षणाचं उत्तर हवंय. झाकण उघडं होतं. वाफ नव्हती. ती म्हणत होती हात घाला, आणि तुमचा हात पाण्यापासून वीतभर लांब होता. तिथून तो मागे गेला. तो आकडा कुठून येतोय हे आख्ख्या इमारतीत तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण तो तिथे बुडवायला तुम्हीच सांगितला होतात. मग घाबरलात कशाला? पाणी गरम निघेल म्हणून, की गार निघेल म्हणून?

हेडक्लार्कला पुढे करू नका. हातमोजा पाठवू नका. तुम्ही स्वतः सांगा, साहेब. गरम निघेल म्हणून, की गार निघेल म्हणून?